इंटरकूलरला हळदीकुंकू

मानवत,
कोजागिरी, १९९२

तीर्थरूप दाजींच्या चरणी नागनाथचा दंडवत. मालनताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुमची कंबर आता कशी आहे? डॉक्टरांनी वाकायला मनाई केल्याचं ताईनं कळवलं. फोरमन झाल्यापासून तुम्ही कुणापुढे वाकलाच नव्हतात, तेव्हा फार नुकसान झालं असं वाटत नाही. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून मीही लिहितो.

तुम्ही विचारलंत की कारखान्यात दिवाळीपर्यंत राखून ठेवलेल्या जागेवर चिंचवडला परत येतोस, की मानवतात जर्मनच्या पातेल्यांना ठिगळं लावत बसतोस. (अ‍ॅल्युमिनियमला इकडे अजून जर्मनच म्हणतात. तुम्ही पुणेकर झालात, विसरला असाल.) उत्तर सरळ देता आलं असतं तर पोस्टकार्डावरच भागलं असतं. नोकरी सोडून आर्गनचं वेल्डिंग घेऊन गावी आलो तेव्हा मी धरून चाललो होतो की जिल्हाभरचे कारखानदार माझी वाटच बघत बसलेत. आली ती पातेली, दुधाच्या कॅनी आणि एका गृहस्थाचा जर्मनचा तांब्या, त्यालाही उद्घाटनाचं म्हणून फुकट डाग देऊन हवा होता. आर्गन गॅसचा सिलिंडर औरंगाबादहून आणायचा तर आज नामांतराचा मोर्चा, उद्या त्याच्या विरोधातला बंद, आणि एस.टी. दोन्ही दिवशी डेपोत उभी. अशा वेळी दिनकरराव दुकानात आले आणि मला वाटलं, देव पावला. (देवाचं नाव मी सहज लिहिलं, पुढे त्याचा फार संबंध येणार आहे.)

दिनकरराव म्हणजे जिनिंग सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची डिझेल अँबॅसिडर आहे, आणि पिंगळीला बन्सीधर नावाचे व्याही आहेत. व्याह्यांनी नवी मारुती घेतली आणि परभणीच्या रस्त्यावर ह्यांना मागं टाकून जाताना खिडकीतून हात हलवला. तो हात हलला नसता तर मी आज सुखानं पातेली जोडत असतो. दिनकररावांनी कालव्याच्या कामावरच्या भंगारातून एक टर्बो पैदा केला आणि नांदेडच्या एका मिस्त्रीकडून गाडीला बसवून घेतला. आता टर्बो हवा कोंबून देतो, कोंबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा पिऊन इंजिन बिथरतं. म्हणून मधे अ‍ॅल्युमिनियमचा इंटरकूलर लागतो, म्हणजे हवेला फुंकर घालून थंड करणारी जाळी. तो माझ्याशिवाय ह्या मुलखात कोण बनवणार? दिनकररावांनी भर चौकात जाहीर केलं, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला गाडी पिंगळीला न्यायची. काम जमलं तर जिनिंगची सगळी वेल्डिंग नागनाथची, नाही जमलं तर त्याला चिंचवडच्या गाडीत मीच बसवून देतो. गावजेवणाचं आमंत्रण असावं तशी ही बातमी घरोघर पोचली.

जाळी भंगारातली मिळाली. तिच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या मी पत्रा कापून बनवल्या. तुम्ही शिकवल्याप्रमाणे थिनरनं पुसलं, वेगळ्या राखलेल्या तारेच्या ब्रशनं घासलं आणि नंतर बोटसुद्धा लावलं नाही. (घासलेल्या जॉबला अंगठा लागला म्हणून तुम्ही माझ्या पाठीत घातलेला धपाटा मला अजून आठवतो, थंडीत जास्त.) तेवढं करून समोर चहा प्यायला गेलो. परत येऊन वेल्डिंगची मशाल पेटवली, तर सांधा तडतडायला लागला, काळा पडला, भोकंच भोकं. जनावरांच्या हौदात बुडवून हवा भरली तर कढईत भजी सोडावीत तसे बुडबुडे. मग दिसलं की पेटीच्या कडेला हळदीकुंकू, वर खोबरेल, आणि जाळीत नारळाचं पाणी. दिनकररावांच्या मातोश्री धुरपताबाई येऊन यथासांग पूजा करून गेल्या होत्या. नव्या वस्तूला पूजेशिवाय विस्तव कसा लावायचा?

मी हात जोडून समजावलं की माय, ह्याला तेलाचा थेंबही चालत नाही. त्या म्हणाल्या, "बरं बाबा, न्हाई लावत तेल. पर आता काम लांबनार का रं?" मी म्हणालो, लांबणार. त्यांनी मान हलवली. पुन्हा पेटी कापली, पुन्हा घासली, आणि मी सिलिंडर उतरवून घ्यायला गेलो तेवढ्यात अडाणी म्हातारीनं दुसरी पूजा उरकली. ह्या खेपेला तेल अजिबात नव्हतं. तूप होतं. गाईचं, शुद्ध, "त्यात काई खोट न्हाई" अशी हमी मला मिळाली. सांधा पुन्हा काळा, हौदात पुन्हा भजी, आणि गावचं निदान असं की पूजा कमी पडायलीय.

तिसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. जॉब कुलपात ठेवला आणि किल्ली करदोट्याला बांधली. पण पुढं आली खंडेनवमी. सकाळी दुकानात येतो तर पाटावर मशाल, ब्रश, हातमोजे मांडलेले, सिलिंडरच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि सांध्यात वितळवायच्या भरणीच्या एकेका तारेला कुंकवाची बोटं. हे आमच्या सौभाग्यवती सरजाबाईंनी केलं होतं. आदल्या दिवशी धुरपताबाई हळदीकुंकवाला घरी येऊन तिला आठवण करून गेल्या होत्या. बरं, खंडेनवमीला पुजलेलं हत्यार उचलायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. मी दिवसभर माझ्याच हत्यारांपुढे हात बांधून बसलो, आणि येणारे-जाणारे मला प्रसाद समजून बघत होते.

दसऱ्याच्या सकाळी शटर आतून लावून एकेक तार घासली आणि सांधा घातला. दाजी, येलदरी धरणातल्या रोहू माशाच्या खवल्यांसारखी ओळ उठली. हौदात बुडवला तर एक बुडबुडा नाही. मला रडू यायचं बाकी होतं, खोटं कशाला सांगू. इंटरकूलर गाडीच्या तोंडाशी बसवला, जिथं समोरचा वारा लागतो. आणि धुरपताबाईंनी नेमक्या त्याच तोंडावर झेंडूचा हार चढवला, उशीएवढा जाड, खाली आंब्याचं तोरण, मधे नारळ. वारा जायला सुईएवढी फट ठेवली नाही. मी म्हणालो, हार काढा. दिनकरराव म्हणाले, मायच्या हातचा हार हाय, काढायचा नसतो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पिंगळीच्या अलीकडे इंजिन उकळलं. बन्सीधररावांनी मारुतीला दोर बांधून व्याह्यांना ओढत वाड्यापर्यंत नेलं, आणि म्हणे वाटेत सगळ्या पिंगळीला हात हलवला. मला निरोप आला. मानवत रोड स्टेशनहून पॅसेंजर धरून गेलो, हार काढला, गाडी सुरळीत चालली. पण मानवतात निकाल आधीच लागला होता: नागनाथचा सांधा फुटला. जो सांधा फुटला नाही त्याच्याबद्दल लोक मला चौकात धीर देतात. दिनकरराव बोलत नाहीत, जिनिंगचं कुणी फिरकत नाही. तेव्हा जागा भरू नका, असं लिहिण्यासाठी हे पत्र सुरू केलं. थोरांना नमस्कार सांगावा.

आपला,
नागनाथ

ता.क. – तोवरच्या पातेल्यांसाठी मशालीत लागणाऱ्या टंगस्टनच्या कांड्या पाठवाल तर ताईच्या हाती पुडकं देऊ नका. ती कुंकू लावल्याशिवाय घराबाहेर काही जाऊ देत नाही.

ता.क. २ – वरचं पत्र पाकिटात घालणार एवढ्यात धुरपताबाई दुकानात आल्या. हातात ताट नव्हतं. शटर अर्धं ओढायला लावून स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, तुजा सांधा लय चांगला हाय, म्या बघितला. आमच्या दिनकरचा बाप असाच फटफटी पळवता पळवता गेला. ह्याला नगं म्हनलं की दुप्पट पळवतो. देवाचं नाव घेतलं की तेवढा मुकाट ऱ्हातो." पहिल्या पूजेनं सांधा बिघडला हे त्यांनी पाहिलं, आणि पुढच्या सगळ्या पूजा समजून उमजून केल्या.  मला माझीच लाज वाटली. वर जिथं 'अडाणी' लिहिलं आहे तिथं शाई फासून मग पत्र ताईला वाचायला द्या. जिनिंगचं काम मलाच मिळेल, त्यासाठी त्यांनी घरात देवाचं नाव घेतलं आहे, आणि ते दिनकरराव मोडत नाहीत. म्हणून चिंचवडची जागा खुशाल भरून टाका.

ता.क. ३ – बदल्यात एवढंच करायचं आहे की टर्बोनं शिट्टी जोरात मारावी, गाडी मात्र बैलाच्या पुढं जाऊ नये, आणि दिनकररावांना कारण सापडू नये. चांगला सांधा घालायला तुम्ही शिकवलंत, आता तो नासवायचा कसा ते उलट टपाली कळवा. तेलानं नासतो, तुपानंही नासतो, हे मला आता ठाऊक आहे; पण ते हौदात लगेच दिसतं.