ठरावाने निळे झालेले मासे

दिंद्रुड,
रविवार, सकाळ

तीर्थरूप मोहनमामा यांना,

कालिंदीचा साष्टांग नमस्कार. धारूरच्या गार वाऱ्यात तुमचा दमा कसा आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या आडाची प्रकृती या दुष्काळातही ठणठणीत असल्याचं आईकडून कळलं, फार समाधान वाटलं. इकडे मी बरी आहे. मासेही अजून बरे आहेत.

घरातली पहिली पदवीधर, तीही प्राणिशास्त्राची, म्हणून तुम्ही इथले पुढारी आबासाहेब यांच्याकडे शब्द टाकलात आणि मी इथल्या महिला मत्स्य सहकारी संस्थेची सचिव झाले. ("सांगतील तिथं सही करत जा," हा तुमचा आशीर्वाद विसरलेले नाही.) संस्थेच्या अध्यक्षा चतुराबाई, म्हणजे आबासाहेबांच्या मंडळी. त्या घरी भाकऱ्या थापत असतात तेव्हा त्यांच्या सह्या इकडे आपोआप उमटतात. मी मात्र सहकाराने बायका आपल्या पायावर उभ्या राहतील असं मनापासून मानून आले होते, आणि अजूनही मानते, म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

तर संस्थेचा तलाव आटला आणि त्यातले रोहू-कटला मासे संपले. तेव्हा आबासाहेबांनी शोभेचे मासे पाळायचं ठरवलं. जगात काटक मासे पुष्कळ आहेत. पण ज्या गावात माणसांच्या घागरी टँकरची वाट बघतात, तिथे त्यांनी निवडला डिस्कस: ताटलीसारखा गोल, देखणा, आणि रोज पाणी बदलून मागणारा. टँकर आबासाहेबांचाच, त्यामुळे माशांना पाणी मिळालं. टाक्यांतून काढलेल्या पाण्यावर आमच्या सभासद पारूबाईंची म्हैस जगते आणि निम्म्या गल्लीची धुणी निघतात. गावात सध्या सगळ्यात स्वच्छ राहणीचे कोण असतील तर ते मासे.

या निळ्या डिस्कसमध्ये दोन जाती अगदी सारख्या दिसतात, ब्लू डायमंड आणि कोबाल्ट. दोन्ही आभाळासारखे निळे. ब्लू डायमंड महाग, कोबाल्ट स्वस्त. फरक एवढाच, की कोबाल्टच्या अंगावर काळसर उभे पट्टे दडलेले असतात आणि तो घाबरला की ते वर येतात. ब्लू डायमंड कितीही घाबरला तरी कोराच राहतो. ("निळा तो निळाच की बाई," पारूबाई म्हणाल्या, "मी लुगडं घेतानाबी येवढं बघत न्हाई.") आमचे झाडून सगळे मासे कोबाल्ट निघाले. पुण्याचे व्यापारी देशमाने यांना मात्र आबासाहेबांनी ब्लू डायमंड कळवलेले, आणि तसा दाखला सचिवाच्या सहीने द्यायचा होता. मी सही केली नाही. बायकांची ही पहिली विक्री. ती खोट्यावर झाली तर दुसरी कधी होणार नाही, असं मला वाटलं.

मग सभा बोलावली. महिला संस्थेची सभा असल्यामुळे सगळ्यांचे नवरे वेळेवर आले. सूचक बबनराव, अनुमोदक गहिनीनाथ, विषय: संस्थेचे सर्व मासे ब्लू डायमंड असल्याचे जाहीर करणे. ठराव एकमताने मंजूर झाला. मी पट्ट्यांचं सांगितलं तर आबासाहेब म्हणाले, "ठराव झाला म्हंजी झाला. मासा काय सभेपरीस मोठा हाय का?" (ठरावाने पाऊसही पाडून घ्यावा, असं मी सुचवणार होते. पण तोवर चहा आला.)

देशमाने आले. मी गप्प राहायचं ठरवलं होतं, कारण आबासाहेबांनी तशी तंबी दिली होती, आणि गप्प राहण्याचा उपयोगही झाला. मासे किती तरतरीत आहेत हे दाखवायला आबासाहेबांनी स्वतःच टाकीच्या काचेवर जोरात थाप मारली. एकजात सगळ्या ब्लू डायमंडांवर काळे पट्टे उमटले. "ती खिडकीच्या गजांची सावली हाय," आबासाहेब म्हणाले. देशमान्यांनी शांतपणे खिडकी लावून घेतली. सावली माशांबरोबर पोहत राहिली. "कामून घाबरायलेत रं हे?" असं आबासाहेबांनी बबनरावांना विचारलं, तेव्हा बबनरावही थोडे पट्टेरी दिसत होते.

देशमान्यांनी मला विचारलं, मी कोबाल्ट म्हणून सांगितलं. कोबाल्टच्या भावाने सगळे घेतो, पण महिनाभराने, जरा वाढल्यावर, असं ते बायकांना सांगून गेले. त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली आणि माशांचा टँकर बंद झाला. बायकांनी मात्र मासे जगवायचा हट्ट धरलाय. भामाबाई म्हणाल्या, "पट्ट्याचे तर पट्ट्याचे, मासे आमचे हायेत."

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली भाची,
कालिंदी

ता. क. मी यातून अंग काढून घ्यावं म्हणून माझी समजूत घालायची विनंती घेऊन आबासाहेब तुमच्याकडे येतील. त्यांना चहा द्यावा. समजूत तेवढी घालू नये.

ता. क. २. तुमच्या आडाची चौकशी मी उगाच केली नव्हती. हे पत्र पारूबाईंच्या हातीच देते आहे. त्यांच्यामागे दारात टेम्पो उभा असेल, त्यात भामाबाई, टाक्या आणि मासे आहेत. महिनाभराचा प्रश्न आहे, पाणी रोज बदलावं लागतं.

ता. क. ३. एवढं वाचून झाल्यावर मामींना तुमच्या कपाळाकडे बघायला सांगा. पट्टे उमटले नसतील तर तुम्ही अस्सल ब्लू डायमंड. तसा दाखला माझ्या सहीने द्यायला मी तयार आहे.