'आमचे सर' या निबंधाचा पहिला खर्डा ग्राह्य धरण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्या,
कला महाविद्यालय.

विषय: माझ्या सेवा-मुदतवाढीच्या प्रस्तावास 'आमचे सर' या निबंधाचा शेवटचा खर्डा न जोडता पहिला जोडण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: याच विषयावरील माझा मागील अर्ज व त्यावरील आपला लाल शाईतील शेरा, 'पाल्हाळ आहे. "विद्यार्थीप्रिय" कशावरून? प्रसंग द्या. पुन्हा लिहा.'

महोदया,

वरील शेऱ्यास अनुसरून अर्ज पुन्हा लिहिला आहे. आपण निबंध माझ्याच वर्गात शिकलात, हे शेऱ्यावरून ओळखू येते.

१. मी या महाविद्यालयात निबंधलेखन व पुनर्लेखन शिकवतो. वर्षअखेर निवृत्त होत आहे. मुदतवाढीच्या प्रस्तावास विद्यार्थ्याने अध्यापकाविषयी लिहिलेला एक निबंध जोडावा लागतो. मुदतवाढ न मिळाल्यास मला दिवसभर घरी बसावे लागेल, आणि त्या बाबतीत पत्नीने आपली असमर्थता तोंडी कळविली आहे.

२. सदर निबंध मी पहिल्या बाकावरील एका विद्यार्थिनीकडे सोपविला. ती नुकतीच दाखल झाली होती. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून मी तिचे नाव 'घुमी' ठेवले आहे. तिने चार पाने लिहून आणली: सर प्रेमळ आहेत, विनोदी आहेत, कुटुंबवत्सल आहेत, वर्गात वेळेवर येतात. वाचून मला बरे वाटले. तिथेच सही करून कागद पुढे पाठवायचा, तर जित्याची खोड! हातात लाल पेन होतेच. 'प्रत्येक विशेषणामागे प्रसंग हवा. प्रसंग नसेल तर विशेषण काढा' असे समासात लिहून मोकळा झालो. असा रंगलेला कागद आपले कार्यालय स्वीकारत नाही, सबब निबंध पुनर्लेखनासाठी परत द्यावा लागला.

३. घुमीने सूचना मनावर घेतली. इतकी वर्षे शिकवतो आहे, सूचना मनावर घेणारी ही पहिलीच. 'प्रेमळ'साठी तिने वर्गातल्या प्रत्येकाला प्रसंग विचारला. एकालाही आठवला नाही. या पोरांची स्मरणशक्ती अधू आहे, असे मी त्यांना वेळोवेळी सांगत आलोच आहे. विशेषण गेले.

'विनोदी'ला मात्र प्रसंग मिळाला. मागे एका मुलाने आपल्या आजारी वडिलांवर निबंध लिहिला होता. तो मी वर्गात रडका आवाज काढून वाचला आणि म्हणालो, 'एवढ्या चुका बघून बरा होणारा बापही दगावेल.' वर्ग पोट धरून हसला. मुलगा पुन्हा आला नाही. घुमीने एवढेच लिहिले होते, आणि शेवटचे 'यावरून सर विनोदी आहेत' हे वाक्य स्वतःच खोडले होते. परिच्छेद इतका चांगला उतरला होता की मी मुदतवाढ वगैरे विसरलो आणि खाली लिहिले, 'छान. पुढे मुलाचे काय झाले?' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने त्याला शोधून काढले. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, आणि पावती लिहायची वेळ आली की दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतो. वडील त्याच आठवड्यात गेले, असेही तिने लिहिले होते. ते विषयाला सोडून असल्याने मी काढायला लावले.

४. 'कुटुंबवत्सल'साठी ती माझ्या घरी गेली. पत्नीने तिला सांगितले ते तिने जसेच्या तसे उतरवले: "अगं, प्रसंग कसला मागतेस? माझ्या आईला अटॅक आला होता. घाईघाईत चिठ्ठी लिहून ठेवली, आईला दवाखान्यात नेतेय, लगेच या. संध्याकाळी एकटीच परत आले, तर चिठ्ठी टेबलावर तशीच. दोन चुका तेवढ्या लाल केलेल्या." हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. चुका दोन नसून तीन होत्या, हे येथे नमूद करतो.

५. प्रसंग विशेषणांना धरून नाहीत म्हणून 'विनोदी' व 'कुटुंबवत्सल' हे दोन्ही परिच्छेदही तिने काढले. शेवटचा खर्डा एका ओळीचा आहे: 'आमचे सर वर्गात वेळेवर येतात.' हजेरीपटावरून पडताळून पाहिले, खरे आहे. शुद्धलेखन निर्दोष आहे. सवयीप्रमाणे मी खाली शेरा लिहिला, 'उत्तम. आता यात काढण्यासारखे काहीही उरलेले नाही.' पैकीच्या पैकी गुण मी आजवर कोणालाही दिले नव्हते, ते तिला द्यावे लागले. हे ऐकून आपला शिपाई 'सर, गुरूची विद्या गुरूला!' असे म्हणाला. त्याच्याविषयी वेगळा अर्ज करीत आहे.

६. मी पहिला खर्डा परत मागितला. तो तिने फाडून टाकला होता. 'पुढचा झाला की मागचा फाडावा' हा माझाच नियम. मग मी म्हणालो, तसाच पुन्हा लिहून दे. 'कृपया' हा शब्दही वापरला. त्यावर घुमी बोलली. "सर, तो लिहिला तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते. आता नाही जमणार." या उत्तरात मला एकही चूक सापडली नाही.

७. सबब विनंती की, तो पहिला खर्डा मला शब्दन् शब्द पाठ आहे. सकाळी दाढी करताना मी तो मनाशी म्हणतो. त्या चार पानांतला माणूस मला फार आवडला होता, हे स्पष्टच लिहितो. तो खर्डा मी माझ्या अक्षरात उतरवून सोबत जोडला आहे, तोच ग्राह्य धरावा. घुमीच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यात जशाच्या तशा आहेत. मी एकाही चुकीला हात लावलेला नाही.

आज मुदतीचा शेवटचा दिवस आहे. या अर्जावर तरी 'पुन्हा लिहा' असा शेरा मारू नये. प्रत्येक वेळी लिहिताना माझ्याजवळचे काहीतरी कमी होते.

सोबत:
१) 'आमचे सर', शेवटचा खर्डा (एक ओळ, केवळ माहितीसाठी)
२) 'आमचे सर', पहिला खर्डा (आठवणीतून, पाने चार)

आपला,
('नम्र' या विशेषणास प्रसंग न मिळाल्याने ते काढले आहे.)

(सही)
अध्यापक, निबंधलेखन व पुनर्लेखन