टॉवेल बदलून पाहिले

मुर्री, गोंदिया

प्रिय देवेंद्र,

गाडी घेतली तेव्हा तू फोनवर विचारलं होतंस, ताई, पुसायला कोणता कपडा घेऊ, गडद निळ्या रंगावर लवकर चरे दिसतात म्हणतात. तेव्हा दुकानात पॉलिशला गाडी घेऊन गिऱ्हाईक उभं होतं. ‘सांगते मग’ म्हटलं आणि राहूनच गेलं. आज बसून लिहिते. फोनवर माझं बोलणं लांबलं की तू ‘हो ताई, हो ताई’ करतोस आणि ठेवून देतोस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

आधी कपड्याचं सांगते. जुनी बनियन, लुगड्याचा तुकडा, अंग पुसायचा टॉवेल यातलं काही गाडीला लावू नकोस. हाताला मऊ लागतात, पण धूळ त्यांच्या आत शिरत नाही, वरच राहते, आणि मग तीच आपण रंगावर घासत बसतो. मायक्रोफायबरचा घे, दाट लव असलेला. कडेची शिलाई बोटाने चाचपून बघ. टॉवेल कितीही मऊ असला तरी कडेचा जाड दोरा ओरखडा पाडतो. बिनशिलाईचा मिळाला तर उत्तम. लेबल असेल तर कापून टाक. घरात जुनी सीडी असेल तर तिच्यावर टॉवेल घासून उन्हात धर, चरे पडले तर तो टॉवेल टायरला ठेव. खाली पडलेला टॉवेल नुसता झटकून पुन्हा रंगाला लावायचा नाही. आणि रीनाला सांग, हे टॉवेल घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, सुती कपड्याचं सूत त्यांना चिकटतं. धुतलेली गाडी रगडून सुकवू नकोस. टॉवेल पसरून ठेव, पाणी पिऊ दे, मग हलकेच ओढून घे.

हे सगळं मी इतक्या जणांना सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. म्हणून तर दिवाळीनंतर जे झालं त्याने मी पार गडबडून गेले.

राइस मिलवाले घनश्यामजी तुला माहीत आहेत. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी काळी गाडी घेतली आणि वरातीच्या आधी चमकवायला आमच्याकडे आणून ठेवली. काळा रंग म्हणजे आमच्या धंद्यात परीक्षाच असते. तुझ्या भाऊजींनी मशीनने पॉलिश केलं, शेवटचा हात माझा. तो नेहमी माझाच असतो. पुसून झालं, टॉर्च मारून पाहिली, तर बोनेटवर उजेडाच्या भोवती गोल कडं. चुकीच्या कपड्याने पुसलं की रंगावर अशीच बारीक गोल जाळी पडते आणि ती उजेडातच दिसते. दुसऱ्याची नवीकोरी गाडी, तीही लग्नाची, आणि आपल्या हाताने खराब झाली.

तुझ्या भाऊजींना बोलावलं. ते वाकून, बाजूने, डोळा बारीक करून पाहत राहिले आणि म्हणाले, “तुले का दिसून राहिलं? मले त काहीच दिसत नाही.” मला वाटलं, मी घाबरू नये म्हणून म्हणतात. सगळे टॉवेल बाजूला काढले. नागपूरहून नवे मागवले, बिनशिलाईचे, आमच्याकडे येतात त्यांत सगळ्यात मऊ. सीडीवर घासून पाहिले, गालाला लावून पाहिले. पुन्हा पुसलं, पुन्हा टॉर्च मारली. कडं तिथंच. गाडीच्या दाराजवळ गेले तर दारावर, छताला मारली तर छतावर. मी म्हटलं, मशीन पुन्हा फिरवा. तेव्हा मात्र ते चिडले. “संध्या, आता मशीन मारली त वरचा थर जाईन. कायले जिवाले घोर लावून घेतेस?” मी ऐकेना. शेवटी मशीनची वायर काढून त्यांनी कपाटात ठेवली आणि जेवायला निघून गेले. आमच्यात असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवसांत भुवईच्या वर ठणका लागायचा. दिवस मावळायला आला की जास्तच. मी समजले, काळजीने होतं आहे. चहा प्यायचे, गोळी घ्यायचे. एकदा बादलीला अडखळून पडले, तेही घाईने झालं असं म्हटलं.

घनश्यामजी गाडी न्यायला आले तेव्हा मी ठरवलं होतं, लपवायचं नाही. त्यांना बोनेटजवळ नेलं, टॉर्च मारली आणि म्हटलं, भैया, इथं जाळी पडली आहे, आमच्याकडून झालं. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, सोबतच्या भाच्याला पाहायला लावलं. “भाभी, कहाँ है? मुझे तो शीशे जैसा दिख रहा है.” मी बोट ठेवून दाखवलं. तुझ्या भाऊजींनी माझ्या हातातली टॉर्च घेतली. घेताना ती माझ्याकडे वळली, आणि तेच कडं टॉर्चच्या भोवती दिसलं. मध्ये गाडी नव्हती, रंग नव्हता, काहीच नव्हतं. कडेला लाल, आत निळसर, अगदी स्पष्ट. मी शेडच्या बल्बकडे पाहिलं. त्याच्याही भोवती तसंच होतं.

गाडी गेली, वरात छान झाली, घनश्यामजींनी मिठाई पाठवली. मी मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तुझे भाऊजी एवढंच म्हणाले, “उद्या दवाखान्यात जाऊन राहिलो आपण.”

गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू आहे म्हणाल्या. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद असते, ती अडली की आतला दाब वाढतो, तेव्हा दिव्याभोवती असं रंगीत कडं दिसतं आणि डोकं दुखतं. डाव्या डोळ्याची बाजूची नजर थोडी गेली आहे, ती आता येणार नाही. मी बादलीला का अडखळले ते तेव्हा कळलं. उजवा वेळेवर सापडला. दोन्ही डोळ्यांना लेझर करून झालं आहे, फार दुखलं नाही, थेंब चालू आहेत. कामावर जाते. टॉर्च आता तुझे भाऊजी मारतात आणि मी फक्त पुसते. रोज सकाळी उठल्यावर आधी एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघते, मग दुसरा. जेवढं काल दिसत होतं तेवढंच दिसतं ना, याची खात्री करते, तेव्हा कुठे चूल पेटवायला उठते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाचे डोळे गेले आहेत का. मी बाबांचं सांगितलं. ते नवेगाव बांधच्या तलावावर डोंगा घेऊन मासे धरायला जायचे आणि मग हळूहळू जायचे थांबले. गावात सगळे म्हणायचे, आसारामच्या डोळ्यांना पाण्याची चमक बाधली. आपण लहान होतो, तेच खरं वाटलं. माय त्यांना धरून अंगणात आणायची आणि ते उजेडाकडे तोंड करून बसायचे. बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, हे घराण्यात चालतं, सख्ख्या भावंडांना सगळ्यात जास्त धोका. भाऊ आहे का? काय करतो?

देवेंद्र, मी त्यांना सांगितलं, कोहमाऱ्याहून प्रवासी गाडी चालवतो, रायपूर-नागपूर, बहुतेक रात्रीच. आणि सांगता सांगता मला तुझं बोलणं आठवलं. भाऊबीजेला जेवताना तू हसत म्हणाला होतास, रात्री समोरून ट्रक आला की त्याच्या लाईटीभोवती इंद्रधनुष्यासारखं दिसते, आणि मी तुला आणखी एक पोळी वाढत म्हटलं होतं, काच नीट पूस. काच पुसून ते जाणार नाही रे. तुझं काही दुखत नसेल, दिवसा सगळं चांगलं दिसत असेल, तरी ये. डॉक्टरबाईंना तुझं नाव सांगून ठेवलं आहे, मी सोबत येईन. तपासून काही निघालं नाही तर मला वाट्टेल तेवढं चिडव. पण तोवर अंधार पडल्यावर गाडी काढू नकोस, मागे माणसं बसलेली असतात. आणि येताना स्वतः चालवत येऊ नकोस, बसने ये. रीनाला मी अजून काही कळवलेलं नाही, ती घाबरेल. पण रविवारपर्यंत तू आला नाहीस तर मीच कोहमाऱ्याला येईन आणि तिच्यासमोर सगळं बोलेन, मग तू रागावलास तरी चालेल.

रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
संध्याताई