मानाचा फ्लॅश

१ फेब्रु., रवि.
प्रणाली आली होती. धाकट्या भावाची मुलगी, ऐरोलीला कॉम्प्युटरवर काम, या महिन्यात लग्न. म्हणते, "काका, लग्नात डिजिटल नको. मोबाईल तर नकोच. तू तुझ्या जुन्या कॅमेऱ्यावर काढ, रोलवर. ब्लॅक अँड व्हाइट."
स्टुडिओ बंद करून चौदा वर्षं झाली. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदू ऑप. झालेलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो. मंदा स्वयंपाकघरातून, "झालं. आता रोल धुवायला माझी मोरी जाणार."
मनातून मात्र जाम खूश. रात्री भात दोनदा घेतला.

४ फेब्रु., बुध.
दोन्ही कॅमेरे काढले. एकाच कंपनीचे, हुबेहूब सारखे. शटर ठणठणीत, माझ्यापेक्षा बरे.
पोरीने रोल तीनच मागवलेत. हळद, लग्न, पाठवणी. छत्तीस त्रिक एकशे आठ. यात आगरी लग्न बसवायचं! आमच्यात नुसते मानाचे मामा मोजायला घेतले तरी एक रोल जाईल. आणि ज्याचा फोटो राहिला तो पुढच्या लग्नाला येत नाही.
उपाय जुनाच. एक कॅमेरा भरलेला, दुसरा रिकामा. नाही म्हणता येत नाही अशा माणसाला रिकाम्याचा लख्ख फ्लॅश. माणूस खूश, रोल शाबूत. धंद्यात मी याला मानाचा फ्लॅश म्हणायचो. पुढे कुणी विचारलंच तर "रोलला लाईट लागला, फोटो जळले". सगळेच करायचे. त्यात पाप कसलं?

२१ फेब्रु., शनि. हळद.
कॅमेरे ओळखू यावेत म्हणून भरलेल्याला हळदीचं बोट लावलं. माझी अक्कल. माझी थोरली बहीण जनाबाय तिथेच. "त्यालाच कशाला रं? ह्याला बी लाव." पाचही बोटं फासली.
मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट येणार कळल्यावर, "मंग हलद पिवली कशी दिसंल?"
तरी रोल १ नीट झाला. डोळ्यासमोर भरला, डोळ्यासमोर काढला.

२२ फेब्रु., रवि. लग्न.
सकाळी मंदाने दोन्ही कॅमेरे पुसून दिले. एकात रोल २ भरला, तिला म्हटलं, याला कुंकू लाव, म्हणजे कळेल. आंघोळ करून येतो तर दोघांनाही कुंकू. "एकाला लावायचं नि एकाला वगळायचं, बरं दिसतं का? शुभकार्याला निघालेत." कॅमेऱ्यांचाही मानपान! खाली गाडीवाला हॉर्न मारत होता. डावीकडचा भरलेला, असं धरून चाललो. रोल गुंडाळायचं बटण फिरवून, ते अडतं का बघायला दोन सेकंद लागतात. नाही बघितलं.
करंजाड्याच्या मैदानात मांडव. दारात जनाबाय टोपली घेऊन बसली, येईल त्याचा फोन टोपलीत. गावात पहिल्यांदाच सगळ्यांनी एकाचं ऐकलं, आणि तेही आजच ऐकायचं होतं.
अंतरपाट, माळा, कन्यादान, मंगळसूत्र. जावयाला तीनदा माळ घालायला लावली, "मान थोडी वर, परत एकदा." मधूनमधून दुसऱ्याने मानाचे फ्लॅश उडवत होतो, उदार हस्ते.
आकडा छत्तीसवर गेला. सवयीने रोल पुढे सरकवायची दांडी ओढली, ओढली गेली. सदतीस. अडतीस. रोल असता तर अडला असता. चाळिसाला मागचं झाकण उघडलं.
सगळं लग्न रिकाम्या कॅमेऱ्यावर काढलं.
रोल ३ नीट बघून भरला. पाठवणीला सगळे रडत होते, मीही. मंदाला कौतुक वाटलं, पुतणीवर किती जीव म्हणून.

२४ फेब्रु., मंगळ.
मोरीच्या खिडकीला काळं कापड लावून रोल धुतले. मंदा दारावर, "बादली तरी द्या बाहेर!"
रोल २ उजेडात धरला. छत्तीसच्या छत्तीस आले. जन्मात इतका स्वच्छ रोल धुतला नव्हता. पहिल्यात पाच मामा रांगेत, हवालदारासारखे. एक चुलत मेहुणा घड्याळ दिसेल असा हात धरून. जनाबाय एकटी, नऊवारीत, हसू दाबून. नवरानवरी एकातही नाहीत. एकात मामाच्या कानामागे मुंडावळीचं टोक दिसतं, तेवढंच.
मोरीतच बसून राहिलो. लाज वाटली. पोरीने विश्वासाने दिलं होतं.
मंदाला सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "तिला तुम्हीच सांगायचं. मी नाही."

२७ फेब्रु., शुक्र.
प्रिंट आले. नातेवाईक येऊन घेऊन जातायत. मामा म्हणाले, "पयल्यांदाच तुज्याकरून फोटू मिलाला." पाठ थोपटली. चोराला हार घातल्यासारखं झालं.
प्रणालीचे दोन फोन. उचलले नाहीत.

१ मार्च, रवि.
ती स्वतःच आली. सांगून टाकलं, एका दमात. मानाचा फ्लॅश काय ते, कुंकू, सगळं.
"म्हणजे रोहनला तीनदा माळ घालायला लावलीस, ती रिकाम्यावर?"
"हो."
खो खो हसली. हसता हसता रडायला लागली. मंदाने पाणी दिलं. मला कुठे बघावं कळेना.
मग डोळे पुसले. म्हणाली, "काका, आत्याचा आणि आतोबांचा देवळासमोरचा फोटो? ती अजून सांगते, काकाकडे आहे, धुवायचा राहिलाय."
दाजींना, जनाबायच्या नवऱ्याला, जाऊन सहा वर्षं झाली. दोघांचा मिळून दुसरा फोटो नाही. सवयीने तोंडातून आलं, "त्या रोलला लाईट..."
"काका."
थांबलो. त्या दिवशी यात्रा होती, रोल संपत आलेला, घरचीच माणसं, म्हटलं पुढे काढू. फ्लॅश मारला. दाजींनी टोपी नीट केली होती त्यासाठी, ते आठवतं.
प्रणाली उठली. "माझं लग्न मी बघितलंय. माझं मी बघेन. तू आत्याला सांग." जाताना मामांचा रांगेतला फोटो घेऊन गेली. वरून म्हणाली, हॉलमध्ये लावते.

५ मार्च, गुरु.
तीन दिवस या ना त्या कारणाने घालवले. आज जनाबायकडे गेलो.
तिने तिचा नवा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. शेजारी एक खिळा, नुसता.
मला दारात बघून म्हणाली, "तू सोता आलास म्हनजे मिलाला वाटतं, त्यांच्याबरचा."
म्हटलं, "बाय, त्याचंच सांगायला आलोय."
"सांग मंग. आदी च्या पी."
चहा प्यायलो. पोहे खाल्ले. सुपारीही कातरून दिली तिने. ती समोर बसून माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत भाजी होती.
नाही सांगितलं. उठून आलो.
मंदा म्हणते, उद्या मी येते बरोबर. म्हटलं, नको. मग म्हटलं, चल.