धुक्याचं नोझल

३ सप्टेंबर, सकाळी ९.४०
आजपासून शेती शास्त्रशुद्ध. बाबांनी जाहीर केलंय: टोमॅटोच्या रानाचे दोन तुकडे, अलीकडचा माझा, बांधापलीकडचा ताईचा. ज्याचा तुकडा करपा रोगातून वाचेल, पुढच्या वर्षी दोन्हींचा कारभार त्याच्याकडे. निकाल माझ्या बाजूने लागलाय. फक्त जाहीर व्हायचाय.

४ सप्टेंबर
सगळ्यात बारीक फवाऱ्याचं नोझल आणलं. दुकानदार म्हणाला, हे बंदिस्त जागेत चालतं, उघड्या रानात जरा जाड थेंबाचं घ्या. त्याला जाडच खपवायचं असणार. जुनं पितळी नोझल माळ्यावर फेकलं.

६ सप्टेंबर
पहाटे पाचला फवारणीचा संकल्प. उठलो साडेआठला. चहा, पेपर, जेवण, किंचित पडलो. चारला सुरुवात. वारा होता. चांगलंच, औषध सगळीकडे पोचतं. काय ते धुकं! बघत राहावं.
बायकोचं म्हणणं, पानांच्या खालून मारा, करपा खालून चढतो. म्हटलं, धुकं आपोआप खाली उतरतं. ती म्हणाली, उतरतंय, पण बांधापलीकडे. हिला खुसपट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

९ सप्टेंबर
ताईचा पंप बिघडला. माझा मागायला आली. नोझल नाजूक आहे म्हणून सांगितलं. वाईट वाटलं. पण स्पर्धा म्हणजे स्पर्धा.

१३ सप्टेंबर, दुपारी ४.१५
दुसरी फवारणी. वारा जोरदार. टोपी, चष्मा, मिशा ओल्या. पानं मात्र कोरडी. औषध लगेच मुरतं.

१७ सप्टेंबर
खालच्या पानांवर काळे डाग. ही म्हणाली, करपा. म्हटलं, ऊन लागलं. तिने विचारलं, खालच्या पानांना? उत्तर उद्या देईन.

१८ सप्टेंबर
दिलं नाही.

२२ सप्टेंबर
डाग शेंड्यापर्यंत. औषध बोगस आहे म्हणून दुकानात भांडलो. दुकानदाराने एवढंच विचारलं, वारा कुठे जातो? म्हटलं, ताईकडे. तो हसला. यात हसण्यासारखं काय?

२८ सप्टेंबर
बाबा दोन्ही तुकड्यांत हिंडले. माझं एकही झाड वाचलं नाही. ताईचंही बरंच गेलं, पण बांधालगतच्या आठ ओळी हिरव्यागार. तीच चक्रावली, तिने एकदाही फवारलं नव्हतं. हिने एक पान खुडून बाबांना दाखवलं. औषधाचे पांढरे ठिपके. बाबांनी विचारलं, हे कुणी मारलं? सगळे माझ्याकडे बघायला लागले.
बाबा म्हणाले, लष्कराच्या भाकऱ्या छान भाजल्यास. कारभार ताईकडे.
ताई म्हणाली, सख्ख्या भावाशिवाय एवढं कोण करतं? पंप नाकारल्याची फार लाज वाटली.

२९ सप्टेंबर
ताईने पुढच्या वर्षीचं काम नेमून दिलं. तेच नोझल, माझ्याच तुकड्यात उभं राहून, वारा सुटल्यावर मारायचं. दुपारी चारला.
म्हणजे माझी वेळ बरोबर होती.