दोन्ही बाजूंनी चावीचं कुलूप

आई, तुझ्याशी त्या कुलपाबद्दल बोलायचं राहिलं. तू होतीस तेव्हा मी विषय काढला नाही, तूही काढला नाहीस, म्हणून मला वाटलं मिटलं.

दिल्लीतल्या द्वारकेतली ही सोसायटी तेव्हा अर्धी रिकामी होती. घरोघरी नवे टीव्ही, नवे फ्रिज येत होते आणि त्यांच्या मागोमाग चोर. शेजारच्या इमारतीत भरदुपारी चोरी झाली. दाराला नुसतं लॅच होतं, पातळ पट्टी सरकवून उघडलं म्हणे. तेव्हापासून ऑफिसात माझं चित्त लागेना. त्यात तू. पाणी गाळायचं यंत्र विकायला आलेल्या माणसाला तू सोफ्यावर बसवून चहा पाजलास. मी ओरडलो तर म्हणालीस, "अरे, उन्हातून आला होता. दारातून परतवू?"

मुनिरक्यातल्या दुकानदाराने मला डेडबोल्ट दाखवला. जाड पोलादी दांडा, स्प्रिंग नाही, चावी फिरवल्याशिवाय हलत नाही. "भाईसाब, दोनों तरफ़ चाबी वाला लो. जाली काटकर हाथ डालेगा, तो भी नहीं खुलेगा." आपलं बाहेरचं दार जाळीचं, मला पटलं. सुताराकडून चौकट खोल कोरून घेतली, लांब स्क्रू मारून घेतले. आतलं माणूस अडकेल हे कळण्याइतकी अक्कल मला होती. शाळा कमी झाली, पण एवढं कळत होतं. ही म्हणालीसुद्धा, "एक चावी आईंकडे असू द्या." मी म्हटलं, "कुणालाही दार उघडेल ती." आम्ही दोघं कामावर निघायचो, मी बाहेरून चावी फिरवायचो, दोनदा ओढून बघायचो. जाळीमागून तू म्हणायचीस, "नीट जा रे."

संक्रांतीचा तो दिवस. बाबा गावी आहेत, तू गावाहून आणलेल्या हिरव्या बांगड्या घातल्या आहेस. संध्याकाळी मी परततो तर दारापुढे पायपुसण्यावर स्टीलची वाटी, तिच्यात बोरं, हरभरे, उसाचे करवे. चोर दारात खूण ठेवून जातात, असं कुणीतरी सांगितलं होतं. कुलूप काढून मी तुझ्यावरच धावलो. "हे कुणी ठेवलं?"

"वरच्या वहिनी आल्या होत्या हळदीकुंकू घेऊन. वाण गजांतून आत येईना."

आपली स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडते. त्या गजांतून त्यांनी तुझ्या तळहातावर हळदीकुंकू आणि तिळगूळ ठेवला होता.

"म्हणजे घरात म्हातारी एकटी असते हे कळलं सगळ्यांना! खिडकीत गेलीस कशाला?"

"मी कुठे गेले? हात तेवढा गेला."

ओट्यावर तुझ्या बांगड्या पडल्या होत्या, साबणाचा फेस वाळलेल्या. मी म्हटलं, "आणि हा पसारा उचल." तू उचललास.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वहिनी भेटल्या. "काय हो, मिस्त्री आला का? आई म्हणाल्या, कुलूप बिघडलंय. सणाच्या दिवशी बिचाऱ्या अडकून पडल्या!"

मी म्हटलं, "आला ना. बिल्कुल ठीक केलं." वर हसलोही.

तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी त्यावर आयतं पांघरूण ओढून घेतलं. घरी येऊन तुला एक शब्द बोललो नाही. चावीही दिली नाही. होळीच्या आधीच तू "तिकडे यांचे हाल होतात" म्हणून गावी गेलीस ती गेलीसच. आतून खुंटी फिरवून उघडणारं कुलूप मी तू गेल्यावर बसवलं. तेव्हा आत कोंडायला कुणी उरलं नव्हतं.

आता दिवसभर मी घरात असतो. यंदा संक्रांतीला ही बाहेर गेली होती, तेव्हा मी त्या खिडकीपाशी गेलो आणि गजांतून हात घालून बघितला. मनगटाशी घड्याळ अडकलं. घड्याळ काढलं, तेव्हा हात गेला. तसाच बाहेर धरून उभा राहिलो आणि मग मला ओट्यावरच्या बांगड्या आठवल्या. सवाष्ण बाई, संक्रांतीचा दिवस, आणि कुंकू घ्यायला तू भुंडा हात बाहेर काढलास. इतकी वर्षं मी समजत होतो, तू भांडी घासत होतीस.

तेवढ्यात ही आली. "अहो, काय करताय तिथे?"

मी म्हटलं, "गज पुसतोय."