गावपळणीतले सहा गप्पी

आचरा,
३ नोव्हेंबर

चि. सौ. संचितास,
अ. उ. आ. वि. वि.

जावईबापू काचेची पेटी ओटीवर मांडून, पंप जोडून गेले. तू दिलेले सहाही गप्पी सुखरूप आहेत. फोन सोडून पत्र का, म्हणून हसू नको. मोबाईलला रेंज येते ती ओटीवर, आणि ओटीवर तुझ्या बाबांची खुर्ची. त्यांच्याविषयी त्यांच्याच कानाशी बसून काय बोलणार?

चाळीस वर्षं मासे विकून जगलेल्या घरात आता मासे पाळायचे, म्हणून समोरच्या राधाबाईची करमणूक झाली आहे. हे तळायचे की तिखल्यात घालायचे, असं तिने विचारून घेतलं. हे मात्र हसले नाहीत. अंगावरून वारं गेल्याला आता आठ महिने झाले. चालतात, जेवतात, पण उजवा हात मांडीवर टाकून गप्प. होडी विकल्यापासून तर हूं की चूं नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला यांनी हाताला हात लावू दिला नाही. हात वापरला नाही तर तो कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं.

पेटीत झाडं हवीत असं जावईबापू म्हणाले, तर मी मालवणच्या बाजारातून प्लास्टिकची आणली. दोन हिरवी, एक गुलाबी. खरी झाडं आणली आणि ती कुजली, तर यांनी दिवसभर तेच बघत बसायचं का? या घरात आता काही मरायला नको आहे मला. प्लास्टिकला निदान ती भीती नाही.

तब्येत सांभाळ. माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझी आई,
मथुरा


इन्सुली,
९ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना गुलाबी झाडापाशी तुझ्या जावयाने, दीपेशने, हात टेकले. त्याला मी गप्प केलं, पण आई, तुझ्याशी भांडायला मला बसावंच लागतंय.

प्लास्टिकच्या झाडाला काही लागत नाही, हे खरं. पण मग बाबांना तरी काय उरतं? आठ महिने तू त्यांना काही म्हणता काही करू दिलेलं नाहीस. मासा निवडून काटे काढून तू देतेस, सदऱ्याची बटणं तू लावतेस. रागावू नको, मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. पण जिवंत झाडाकडे रोज बघावं लागतं. पिवळं पान काढायचं, वाढलेली पात छाटायची. शिवाय माशांची घाण ते खातं आणि उजेडात पाण्याला हवा देतं. मेलं एखादं तर मेलं, दुसरं लावू.

दीपेशबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळून झाडं पाठवते आहे. दुकानदाराने त्यांचं भलंमोठं नाव सांगितलं, आपण त्यांना पाती म्हणू. मुळं रेतीत खोचायची आणि बाकी काहीही करायचं नाही. गुलाबीवर तुझा जीव असेल तर तेही राहू दे.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबवू नको.

तुझी,
संचिता


आचरा,
२१ नोव्हेंबर

चि. सौ. संचितास,
अ. उ. आ. वि. वि.

बाकी काहीही करायचं नाही, असं तू लिहिलं होतंस. मी केलं. झाड म्हटल्यावर त्याला खत नको का? तुळशीला घालते तसं मूठभर शेणखत मी पेटीत घातलं. दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखं, आणि सहाही मासे वर येऊन तोंड उघडतायत. मी कपाळाला हात लावून उभी. तेवढ्यात मागून आवाज आला: "मथुरा, माशांक वारो गावना नाय. पाणी बदल."

संचू, आठ महिन्यांत हे पहिलं आख्खं वाक्य. मग निम्मं पाणी काढ, विहिरीचं नवं घाल, एकदम ओतू नको, असं खुर्चीतून मला हुकूम सोडत होते आणि मी पळत होते. सगळे मासे वाचले. आता सकाळी चहाच्या आधी पेटीकडे जातात. डाव्या हाताने पिवळी पात काढतात.

पण सुखाला लगेच विरजण. देवाने कौल दिला, बारा डिसेंबरपासून गावपळण. चार वर्षांमागे तूही होतीस झोपडीत. तीन दिवस, तीन रात्री माणूस, गुरं, कोंबडी, कुत्रं, एकही जीव वेशीच्या आत राहायचा नाही, आणि परतायचं ते पुन्हा कौल झाला की. घराची वीज बंद करून जायचं, म्हणजे पंपही बंद. यांना तुझ्याकडे धाडावं म्हणते, माळावरच्या झोपडीत त्यांचे हाल होतील. पण माशांचं काय करू? परत येऊन त्यांनी मेलेले मासे बघितले, तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. मला ते सोसणार नाही.

लवकर लिही. तुझ्या शब्दाचा आधार वाटतो.

आई


इन्सुली,
२८ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात वाचलं आणि पोळी करपेपर्यंत रडले. शेणखताला माझा नमस्कार सांग.

बाबांना घेऊन जायला अकरा तारखेला मी स्वतः येते. मासे घरातच ठेवू. खिडकी उघडी ठेव, पाती आहेत, बहुतेक तगतील. नाहीच तगले तर तसेच सहा नारिंगी गप्पी मी आणते, बाबा यायच्या आधी पेटीत सोडू. त्यांना कळायचं नाही. खोटं आहे, पण तूर्त एवढं खोटं चालेल ना गं?

काळजी करू नको, मी आहे.

संचिता


आचरा,
१८ डिसेंबर

चि. सौ. संचितास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर सगळे खुशाल एवढंच सांगितलं, बाकीचं आता ऐक.

बाबांना कळायचं नाही म्हणे! ज्याने होडीतून जाळं टाकण्याआधी नुसत्या पाण्याकडे बघून मासा कुठला ते सांगितलं, त्याला सहा गप्पी ओळखता येणार नाहीत? तुझं पत्र त्यांनी माझ्या डब्यातून काढून वाचलं होतं. म्हणून तर तू आलीस तेव्हा खुर्चीतून हलायला तयार नव्हते आणि तुला एकटीला परत जावं लागलं.

तू गेल्यावर मला म्हणाले, जीव आहे तो बाहेर जाणार, मग हे सहा काय दगड आहेत? पंगतीचा स्टीलचा मोठा टोप काढायला लावला. त्यात पेटीतलं पाणी, मासे, आणि मुळांसकट सगळ्या पाती. प्लास्टिकची तिन्ही झाडं रिकाम्या पेटीत राहिली, त्यांना कोण नेणार? टेम्पोत टोप धरून हे बसले. कोंबड्यांच्या खुराड्यापेक्षा आमच्या टोपाभोवतीच गर्दी जास्त.

तीन दिवस ठीक गेले. चौथ्या सकाळी देवाने कौल दिला नाही. उन्हं चढली, टोप तापला, आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. मला वाटलं, झालं. हे मात्र वाटी मागून टोपाशी बसले. गळाला लावायची जिवंत सुंगटं होडीत अशीच राखायचो म्हणाले. वाटीभर पाणी उचलायचं, हातभर उंचीवरून धार धरायची, म्हणजे पाण्यात हवा जाते. अर्धा तास, एक तास. डावा हात भरून आला, तशी त्यांनी वाटी उजव्यात घेतली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. निम्मं पाणी बाहेर सांडत होतं, पण वाटी सुटली नाही. मी पदर तोंडात धरून उभी राहिले, हाक मारली नाही. बोलले असते तर त्यांनी हाताकडे बघितलं असतं.

दुपारी कौल झाला. घरी येऊन मोजले, सहाच्या सहा. खरं सांगते, इतकी गाढ झोप मला नऊ महिन्यांत लागली नव्हती. व्यायामवाली मुलगी सोमवारपासून पुन्हा येणार आहे.

खाली जागा सोडते, यांना काही लिहायचं आहे. आमच्यावर लोभ ठेवायला तुला सांगावं लागत नाही.

आई


चि. संचू,

उजव्या हाताने लिहितो आहे. अक्षर कुर्लीसारखं आडवं चाललंय, तरी वाच.

गुलाबी झाड राधाबाईच्या नातीला खेळायला दिलं. तुझी सगळी पत्रं मी वाचली, त्याबद्दल रागावू नको. झोपडीत माझे हाल होतील म्हणून तुझी आई मला तुझ्याकडे धाडत होती. तू गेल्यावर मी तिला एवढंच विचारलं, "माका टोपाबरोबर भायर नेतलस, काय त्या प्लास्टिकाबरोबर ठेवतलस?" तिने माझं अंथरूण तेवढं टेम्पोत चढवलं.

पाती दोन बोटं वाढल्या आहेत. छाटायला बारीक टोकाची कात्री पाठव. उजव्या हाताची.

बाबा